माळढोकासाठी काय पेरावे?

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना वसईजवळच्या सोपारा गावी एक फुटका शिलाखंड मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीतील काही तुटक ओळी होत्या. त्या वाचल्यावर हा सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा अवशेष असल्याचे निश्चित झाले. पुढे १९५६ साली जवळच्याच भुईगाव येथे नवव्या लेखाचाही एक तुकडा सापडला. आज नालासोपारा म्हटले की लोकलची गर्दी आणि इमारतींच्या रांगाच डोळ्यांपुढे येतात. पण दोन हजार वर्षांपूर्वी येथे शूर्पारक नावाचे मोठे बंदर होते, आणि सम्राटाची आज्ञा दगडावर कोरून लावावी इतके त्याचे महत्त्व होते.

सोपाऱ्याला मिळालेला तुकडा ज्या आठव्या लेखाचा आहे, त्याचा विषय शिकार हा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत आणि तीत मृगया व तशाच इतर करमणुकी असत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेला आणि तेव्हापासून विहारयात्रेऐवजी धर्मयात्रा सुरू झाल्या, असा त्याचा आशय आहे. हा चौदा लेखांचा संच गिरनार, कालसी, शाहबाजगढी अशा ठिकाणी अधिक चांगल्या स्थितीत वाचायला मिळतो. त्यातील दुसरा लेख आपल्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधोपचाराची सोय केली, औषधी वनस्पती, कंदमुळे व फळझाडे जेथे नव्हती तेथे आणून लावली, रस्त्यांच्या कडेला विहिरी खणल्या व झाडे लावली, असे त्यात सांगितले आहे.

येथे ‘पशू’ म्हणजे मुख्यतः वाटसरूंचे बैल, घोडे आणि ओझ्याची जनावरे असावीत. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जनावरासाठी मुद्दाम काही लावावे, हा विचार या देशात राज्यकारभाराच्या भाषेत सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच लिहिला गेला होता. आज जगाच्या अनेक भागांत वन्य प्राण्यांसाठी मुद्दाम गहू, ज्वारी, मका पेरला जातो. कोणी तो भूतदयेपोटी पेरतो, कोणी शिकारीसाठी, तर कोणी एखादी जात नष्ट होऊ नये म्हणून. हेतू कोणताही असो, पेरलेल्या दाण्याने त्या प्राण्याचे खरोखर भले होते का, हा प्रश्न उरतोच. कोरड्या मुलखात तो विशेष कठीण होतो, कारण तेथे पावसाचा थेंब आणि मातीचा ओलावा दोन्ही मोजकेच असतात.

वसईचा किनारा काही कोरडा मुलूख नव्हे. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण सोपाऱ्याला उतरलेला माल घाट चढून जुन्नर, पैठण आणि तेर या दख्खनच्या नगरांकडे जात असे. त्याच वाटेने आपणही पर्जन्यछायेच्या पठारावर जाऊ. या प्रश्नाचा महाराष्ट्रातला खरा इतिहास तेथेच घडला आहे.

सरवा, गोफण आणि खळे

दख्खनच्या शेतकऱ्याने पाखरांसाठी वेगळे शेत क्वचितच पेरले असेल. पण त्याच्या शेतीत पाखरांना वाटा होता. ज्वारीचे कणीस दाण्यावर आले की माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकलायची हे खरे. पण काढणीनंतर रानात पडून राहिलेली कणसे आणि दाणे, म्हणजेच सरवा, गोरगरिबांनी वेचायचा आणि त्यातूनही उरेल ते पाखरांनी टिपायचे, हेही तितकेच खरे. खळ्यावर मळणी आणि उफणणी होई तेव्हा भोवती सांडलेल्या दाण्यांवर चिमण्या, होले आणि पारवे तुटून पडत.

याशिवाय पिकांच्या वेळापत्रकातच जंगली जिवांसाठी जागा होती. सोलापूर-अहमदनगरकडच्या भारी काळ्या जमिनी पावसाळ्यात बहुधा पडीक ठेवत. कुळवाच्या पाळ्या घालून त्यांत ओल मुरवायची आणि हस्त नक्षत्राच्या सुमारास पाभरीने रब्बी ज्वारी पेरायची, अशी रीत होती. शेताच्या कडेने काटेरी करडईचे पट्टे असत. हलक्या, मुरमाड जमिनीवर कुसळी, मारवेल आणि पवन्या या गवतांचे माळ होते, त्यांवर गुरे-मेंढरे चरत. म्हणजे एकाच शिवारात गवत, पडीक रान, भुईमूग-तुरीचे तुकडे आणि ज्वारीचे उभे पीक एकमेकांना लागून असे. कोणताही भाग फार मोठा नव्हता आणि वर्षभर सारखाही राहत नव्हता.

या शिवाराचा सर्वांत मोठा पाहुणा म्हणजे माळढोक. सुमारे मीटरभर उंचीच्या या पक्ष्याचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो; उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये इतके वजनदार पक्षी फार थोडे आहेत. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्याचा आहार मिश्र आहे. पावसाळ्यात टोळ, नाकतोडे, भुंगेरे हे त्याचे मुख्य अन्न. त्याशिवाय सरडे, बोरे, भुईमुगाच्या शेंगा, कडधान्ये, ज्वारी-बाजरीचे दाणे आणि कोवळे कोंबही तो खातो. गवताळ माळावर अंडे घालायचे, पडीक रानात किडे वेचायचे, हिवाळ्यात शेतातले दाणे टिपायचे, असे त्याचे वर्ष जाते. शेतकऱ्याने कधी ठरवले नव्हते, तरी हे सारे शिवार मिळून माळढोकाचे शेत झाले होते.

हा पक्षी येथे किती होता याची कल्पना एका जुन्या नोंदीवरून येते. मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात एकट्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची ती नोंद आहे.

शिकारीसाठी पेरलेला गहू

दाणा पेरून वन्य जीव वाढवण्याचे शास्त्र मात्र शिकारीतूनच जन्माला आले. त्यासाठी क्षणभर अमेरिकेत डोकवावे लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथील शिकारीचे पक्षी आणि हरणे झपाट्याने घटली होती. हर्बर्ट स्टोडार्ड यांनी १९२४ पासून जॉर्जिया-फ्लोरिडाच्या भागात बॉबव्हाइट या लाव्याच्या जातीचा अभ्यास केला आणि १९३१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. १९३३ मध्ये आल्डो लिओपोल्ड यांचे वन्यजीव-व्यवस्थापनावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नांगर, कुऱ्हाड, गुरे आणि आग यांनी वन्य जीवनाची हानी झाली हे मान्य करून, जाणतेपणाने वापरली तर हीच साधने त्याच्या उपयोगी पडतील, अशी त्यांची भूमिका होती. पुढे शिकारीच्या रानात छोटे तुकडे नांगरून त्यांत वन्य प्राण्यांसाठी पेरा करण्याची पद्धत रूढ झाली. टेक्सास-ओक्लाहोमासारख्या कोरड्या भागांत या राखीव पेऱ्यासाठी गव्हाला विशेष पसंती मिळाली.

गहूच का, याचे उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे. गव्हाचे बी थंडीतही उगवते, आणि कोवळ्या गव्हाच्या पानांत प्रथिने भरपूर असतात. बाकीचे गवत वाळून गेलेले असते तेव्हा हरणांना आणि हंस-बदकांना हे हिरवे अन्न मिळते. दुसरे असे की गव्हाचा वाढबिंदू सुरुवातीला जमिनीखाली, मुळांच्या मुकुटाजवळ असतो. वरची पाने कोणी खुडून नेली तरी रोप मरत नाही, उलट खालून फुटवे येत राहतात. मात्र पीक कांडी धरू लागले की वाढबिंदू खोडाबरोबर वर येतो. त्यानंतर जनावराने शेंडा खाल्ला तर त्या खोडाला ओंबी येत नाही. आपल्याकडच्या उबदार हिवाळ्यात हा टप्पा पेरणीनंतर साधारण चाळीस दिवसांतच येतो, अमेरिकेतील थंड प्रदेशात तो काही महिने लांबतो. म्हणून तेथे अनेक शेतकरी हिवाळाभर गव्हावर गुरे चारतात आणि वसंतात ती बाहेर काढून त्याच शेतातून धान्यही घेतात.

ज्वारीची गोष्ट वेगळी आहे. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत, धुरिन नावाचे द्रव्य असते. ते जनावराच्या पोटात गेले की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष तयार होते. पोटऱ्यांत न आलेली ज्वारी गुरांना खाऊ देऊ नये, असे जुने शेतकरी सांगतात ते याचसाठी. गव्हाच्या रोपात हे विष नसते.

एवढे सगळे जुळून आले तरी अमेरिकेतील अनुभव संमिश्रच ठरला. त्याचे कारण समजून घ्यायला रसायनशास्त्राचा एक जुना नियम उपयोगी पडतो.

लिबिगची बादली

एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक नियम लोकप्रिय केला. पिकाची वाढ सर्व पोषकद्रव्यांच्या बेरजेवर अवलंबून नसते. जे द्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी असते तेच वाढीची मर्यादा ठरवते. हे सांगण्यासाठी लाकडी फळ्यांच्या बादलीचे उदाहरण देतात. बादलीची एक फळी आखूड असेल तर बाकीच्या कितीही उंच केल्या तरी पाणी त्या आखूड फळीच्या वर चढणार नाही.

वन्य प्राण्यांनाही हाच नियम लागू पडतो. अन्न, पाणी, लपण्याची जागा, अंडी घालायची जागा आणि माणसाच्या त्रासापासून दूर असलेली शांतता या त्यांच्या बादलीच्या फळ्या होत. अन्नाची फळीच आखूड असेल तर गहू पेरून उपयोग होईल. आखूड फळी दुसरी असेल तर पेरलेला गहू वाया जाईल, किंवा भलत्याच प्राण्याच्या पोटात जाईल.

प्रेअरी कोंबडी या पक्ष्याच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते. अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ प्रदेशात वसाहती झाल्या आणि गवताच्या मधून मधून धान्याची शेते आली, तेव्हा सुरुवातीला हा पक्षी वाढला आणि नव्या भागांतही पसरला. हिवाळ्यात त्याला धान्य मिळू लागले आणि अंडी घालायला गवत शिल्लक होते. पुढे नांगर वाढत गेला, गवताचे तुकडे आकसत गेले आणि एका मर्यादेनंतर धान्याची कोठारे भोवती असतानाही पक्षी नाहीसा होऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला चढा भाव आला आणि दक्षिणेकडच्या कोरड्या मैदानातले लाखो एकर गवत नांगरले गेले. १९३०च्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा ती उघडी माती वाऱ्याने उडाली. १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळाने भर दिवसा अंधार झाला. त्याच महिन्यात अमेरिकी संसदेने मृदसंधारणाचा कायदा मंजूर केला. पन्नास वर्षांनी, १९८५ मध्ये, धूप होणाऱ्या जमिनीवर धान्याऐवजी गवत राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने मोबदला द्यायची योजना आली. तिच्यामुळे पश्चिम कॅन्ससमध्ये जेथे देशी गवत लावले गेले, तेथे धाकटी प्रेअरी कोंबडी पुन्हा दिसू लागली. गव्हाच्या भर प्रदेशात त्या पक्ष्याची आखूड फळी गवताची होती.

नान्नजचा धडा

आता सोलापूरकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम सुरू झाला. त्यात सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नज आणि आसपासच्या माळांवर काही क्षेत्रे कुंपण घालून गवतासाठी राखण्यात आली. उद्देश चाऱ्याचा आणि मृदसंधारणाचा होता, पक्ष्याचा विचार त्यात नव्हता. पण चराई थांबून गवत वाढले आणि माळढोक तेथे अंडी घालू लागले. सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी त्या दशकात या पक्ष्यांकडे लक्ष वेधले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिलेलेच होते. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. असद रहमानी आणि सहकाऱ्यांनी १९८१ पासून मध्य प्रदेशातील करेरा, महाराष्ट्रातील नान्नज आणि आंध्र प्रदेशातील रोल्लापाडू येथे माळढोकाचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून एक चित्र स्पष्ट झाले. पक्षी अंड्यासाठी राखलेल्या गवतात येतो, पण वर्षाचा बराच काळ भोवतालच्या खासगी शेतांत वावरतो. राखीव गवत आणि कोरडवाहू शेत ही त्याच्या घराची दोन दालने आहेत. एकाला कुंपण घालून दुसऱ्याचा विचार सोडून दिला तर घर अर्धेच उरते.

सरकारने अभयारण्याचे क्षेत्र ठरवताना शेते वगळली नाहीत. उलट फार मोठे क्षेत्र घेतले. ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, गावे, बाजारपेठा, रस्ते, सारे आले. कागदावर सगळे अभयारण्य झाले आणि जमिनीचे व्यवहार, बांधकामे, उद्योग यांत अडचणी आल्या. ज्या शेतकऱ्याच्या रानात माळढोक दाणे टिपत होता, त्याला हा पक्षी संकटासारखा वाटू लागला. अनेक वर्षांच्या वादानंतर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले.

दरम्यान शिवार बदलत होते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. कालवे, उपसा योजना आणि पुढे विंधनविहिरी आल्या. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा जिल्हा झाला. उसाने, द्राक्षांनी आणि डाळिंबांनी शेतकऱ्याचे उत्पन्न वाढवले, यात शंका नाही, आणि दुष्काळात होरपळलेल्या माणसाला कोरडवाहू राहा असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. पण उसाचे पीक पुरुषभर उंच असते आणि वर्षभर उभे राहते. चहूकडे दूरवर नजर ठेवून चालणाऱ्या माळढोकाला त्यात शिरता येत नाही. कीटकनाशकांनी किडे कमी झाले. सामाजिक वनीकरणाच्या उत्साहात अनेक माळांवर झाडे लावली गेली. उघड्या रानाच्या पक्ष्याला ती अडचणच ठरली. विजेच्या तारांचे जाळे पसरले. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे त्याला ऐन वेळी वळता येत नाही, त्यामुळे तारांना धडकून पक्षी मरतात. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधील अशा तारांबाबत आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली.

राखलेल्या गवताचा फायदा आणखी एका प्राण्याला झाला, तो म्हणजे काळवीट. शिकार थांबली, गवत मिळाले आणि कळप वाढले. रात्री ते भोवतालच्या ज्वारीत उतरू लागले. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर आहे. तेथील कळप शेतात जाणार हे उघडच आहे. करेरा येथे हीच गोष्ट टोकाला गेली. काळवीट वाढले, पिके गेली, जमिनीवर निर्बंध आले, लोक संतापले आणि १९९०च्या दशकात तेथून माळढोक नाहीसा झाला.

आता कल्पना करा की नान्नजच्या गवतातच आपण चार एकर नांगरून माळढोकासाठी गहू पेरला. काय होईल? एक तर शेकडो वर्षे जमलेले देशी गवत त्या चार एकरांतून जाईल. पाऊस बेताचा असल्याने पिकाला पाणी द्यावे लागेल, म्हणजे विहीर, मोटार आणि विजेची तार आली. हिरवा गहू सर्वांत आधी काळविटांना आणि रानडुकरांना दिसेल. हिवाळ्यात माळढोकाला काही दाणे-कोंब मिळतील, पण पावसाळ्यात पिलाला जे नाकतोडे लागतात ते गहू देऊ शकणार नाही. लिबिगच्या बादलीत आपण उंच फळी आणखी उंच केलेली असेल.

१९६९ च्या सुमारास देशात साधारण १,२६० माळढोक असावेत असा अंदाज धर्मकुमारसिंहजी यांनी केला होता. २०१८ च्या सुमारास ही संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरली, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानातील जैसलमेरच्या परिसरात होते. २०१९ मध्ये तेथील सम येथे कृत्रिम प्रजनन केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात आता हा पक्षी अगदी क्वचित दिसतो.

गाळपेरीचा गहू

मग महाराष्ट्रात गव्हाने वन्य पक्ष्यांना काहीच दिले नाही का? दिले, आणि तेही सोपाऱ्याच्या मालाच्या जुन्या मुक्कामाजवळ, पैठणला. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि नाथसागर तयार झाला. हे धरण रुंद आणि उथळ आहे. पावसाळ्यानंतर पाणी ओसरू लागले की काठाची गाळाची जमीन उघडी पडते. त्या ओलाव्यावर शेतकरी गहू, हरभरा, ज्वारी पेरतात. यालाच गाळपेर म्हणतात.

हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे पट्टकदंब हंस आणि करकोचे या काठावर उतरतात. हंस दिवसा पाण्याजवळ विसावतात आणि सकाळ-संध्याकाळ गव्हाच्या-हरभऱ्याच्या कोवळ्या पानांवर चरतात. येथे विश्रांतीची सुरक्षित जागा, पाणी आणि अन्न जवळजवळ आहेत. पक्षी थोडेच महिने राहतात आणि अंडी घालायला निघून जातात. बादलीच्या सगळ्या फळ्या त्या तेवढ्या दिवसांपुरत्या पुरेशा असतात. जायकवाडी आणि नांदूर मध्यमेश्वर ही दोन्ही पक्षी अभयारण्ये १९८६ ची. नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. दोन्हीकडे भोवतालची शेते पक्ष्यांच्या जीवनाचा भाग आहेत.

पण येथेही पेरणाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. हंसांनी लवकर खुडलेला गहू फुटवे काढून सावरतो. कांडी धरल्यावर खुडलेल्या गव्हाचे नुकसान शेतकऱ्यालाच सोसावे लागते. त्याने पक्ष्यांसाठी पेरलेले नव्हते.

पोर्तुगालमधील तोडगा

शेतकरी, गहू आणि माळढोक या तिघांचा मेळ घालण्याचा एक लक्षणीय प्रयत्न युरोपात झाला. दक्षिण पोर्तुगालमधील कास्त्रो व्हेर्दे हा कोरडा, हलक्या जमिनीचा प्रदेश आहे. १९२९ मध्ये तेथील सरकारने गव्हाची मोठी मोहीम काढली आणि पातळ मातीची जमीनही नांगराखाली आणली. माती झिजली. पण जमीन इतकी कमकस होती की एक-दोन वर्षे धान्य घेऊन पुढची काही वर्षे ती पडीक ठेवावी लागे. या पडीक-पेऱ्याच्या फेऱ्यात युरोपीय माळढोकाचे बस्तान चांगले बसले.

पुढे या माळांवर निलगिरीची लागवड होऊ लागली, तेव्हा १९९३ पासून तेथील एका निसर्गसंरक्षण संस्थेने युरोपीय निधीतून काही जमिनी विकत घेतल्या. १९९५ पासून गव्हाचा आणि पडीकतेचा जुना फेरा चालू ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान मिळू लागले. माळढोकांची संख्या वाढली आणि २०१७ मध्ये युनेस्कोने या प्रदेशाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. मात्र अलीकडे शेतकरी धान्य सोडून गुरांकडे आणि लवकर कापायच्या चाऱ्याकडे वळले. त्याचा फटका विशेषतः छोट्या जातीच्या माळढोकाला बसला आणि तो तेथे वेगाने घटला. अनुदानाची रक्कम बाजारभावाशी टक्कर देऊ शकली नाही, तर पक्षी पुन्हा अडचणीत येतो.

या तोडग्यात पक्ष्यासाठी वेगळा तुकडा पेरलेला नव्हता. शेतकऱ्याने ज्या रीतीने पेरावे ती रीत टिकवण्याचा खर्च समाजाने उचलला. नान्नजला याच्या नेमके उलटे झाले: शेतकऱ्यावर निर्बंध आले आणि खर्चही त्याच्याच वाट्याला आला. महाराष्ट्रात वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई दिली जाते. पण नुकसान झाल्यावर मिळणारी भरपाई आणि माळढोकाला सोयीची अशी कोरडवाहू ज्वारी-भुईमूग-पडीक राखल्याबद्दल आधीच मिळणारा मोबदला, यांत मोठे अंतर आहे. पहिलीत प्राणी गुन्हेगार ठरतो, दुसऱ्यात तो उत्पन्नाचे साधन होतो. महाराष्ट्रासाठी ही चर्चा उशिरा होत असली तरी निरर्थक नाही. लावे, तुरेवाले चंडोल, धाविक, लांडगा, खोकड हे त्याच शिवाराचे इतर रहिवासी आजही सोलापूर-अहिल्यानगरच्या माळांवर आहेत.

वर्गासाठी

हा विषय कोणत्याही शाळेत अभ्यासता येतो, वसई-विरारच्याही. शहर वाढत असले तरी तेथे भातखाचरे, वाड्या आणि मिठागरे अजून काही ठिकाणी आहेत. पुढील कामे आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना जमण्यासारखी आहेत.

एक. भाताच्या कापणीनंतर शेतमालकाची परवानगी घेऊन खाचरात एक मीटर चौरसाची दोरी टाकावी व तेवढ्या जागेत सांडलेले दाणे मोजावेत. अशा दहा जागांची सरासरी काढून हेक्टरी किती दाणे पडतात याचा हिशेब करावा. आठवड्याने पुन्हा मोजावे. मधल्या काळात कोणते पक्षी आले याची वही ठेवावी.

दोन. दोन कुंड्यांत गहू पेरावा. एकीतील रोपे पंधराव्या दिवशी जमिनीपासून तीन सेंटिमीटर वर कापावीत, दुसरीतील कांडी धरल्यावर. कोणती सावरतात ते पाहून वाढबिंदू कोठे होता हे खोड उभे चिरून दाखवावे.

तीन. परिसरातील एक पक्षी निवडून त्याच्या बादलीच्या फळ्यांची यादी करावी: अन्न, पाणी, घरट्याची जागा, आडोसा, शांतता. चिमणीपासून सुरुवात करायला हरकत नाही. आपण गॅलरीत तांदूळ ठेवतो तेव्हा त्यांतली कोणती फळी उंच करतो, आणि चिमणीची आखूड फळी कोणती आहे, यावर वर्गात चर्चा घ्यावी. उत्तरे वेगवेगळी येतील. प्रत्येक उत्तरासाठी पुरावा काय, हे शिक्षकांनी विचारावे.